विसावा ठिपका

इस्तारी मामाच्या उजव्या हाताला तीनच बोटं.
करंगळी आणि तिच्या शेजारचं
धानगिरणीच्या पट्ट्यानं नेलं
तेव्हा मी सातवीत होते.

कॅमेऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.
त्यानं हात बघितला
आणि शिकवल्यासारखे एकवीस ठिपके मांडले,
मनगटाला एक, प्रत्येक बोटाला चार,
हिरव्या रेघांनी जोडलेले.
पडद्यावर पाच बोटं.
तीन मामाच्या बोटांवर टेकलेली,
दोन नुसत्या हवेवर.

काम साधंच होतं.
जन्मापासून न ऐकणाऱ्या माणसांच्या खुणा जमवायच्या.
नागपूरचे सर म्हणाले, शाळेतल्या नकोत,
चुलीपाशी वाढलेल्या आण.
एक खूण चाळीस वेळा,
मागे शक्यतो पांढरी भिंत.
पांढरी भिंत कुठून आणू,
मी मामाला तणसाच्या ढिगापुढं बसवलं.

पाणी म्हणजे ओठाला अंगठा.
मंडई म्हणजे बसल्याबसल्या कमरेचा एक ठुमका,
आणि लगेच इकडंतिकडं बघणं, कुणी पाहिलं का.
सरपंच म्हणजे मिशीला पीळ;
आता सरपंच रायवंताबाई आहेत,
त्यांनाही मिशीच.
मी म्हणजे दोन वेण्या.
केस कापून मला चार वर्षं झाली,
मामा अजून हवेत वेण्या ओढतो आणि मी वळते.

मग मी मामीचा फोटो दाखवला.
मामी म्हणजे
करंगळीचं टोक डाव्या नाकपुडीला,
जिथं तिची फुली होती.
बोट गेल्यावरही खूण तीच राहिली.
मामा थोटूक नाकाशी नेत नाही.
हात जुन्याच अंतरावर थांबतो,
करंगळी असती तर टेकली असती
बरोबर तिथं.
मामी असताना त्या मोकळ्या चार बोटं जागेकडं बघून
ओ द्यायची, म्हणजे येऊन उभी राहायची
हातातलं काम न सोडता.

पडद्यावर विसावा ठिपका
(मोजणी शून्यापासून)
मामाच्या नाकपुडीवर जाऊन बसला.
खाली मशीननं लिहिलं:
पाणी. सत्त्याऐंशी टक्के.

भागरता मावशी कुंपणावरून वाकून बघत होती.
"आमाले त सारं समजते नं वो.
तुया डब्याले काहून नाई समजत?"

मी लॅपटॉप मामाकडं वळवला.
वळवायला नको होता कदाचित.
त्यानं हात हलवला, ठिपके हलले.
मूठ मिटली, पाचही मिटली.
एकेक बोट उघडत गेला आणि
नसलेलं बोट उघडलं तेव्हा
त्यानं पडद्याकडं नाही, हाताकडं बघितलं.
दुसऱ्या हातानं ती जागा चाचपली.
नंतर हसला. त्याच्या हसण्याला आवाज असतो,
बोडीवरचे बगळे उडाले.

रात्री सरांचा निरोप आला,
ठिपके चुकलेत ते व्हिडिओ काढून टाक,
मॉडेल बिघडेल.
म्हणजे मामाचे सगळेच.
मी "हो सर" लिहिलं
आणि काढले नाहीत.
नावाच्या रकान्यात पाणी खोडून लिहिलं: सिरमंता.
खूण क्रमांक अठरा, चाळीसपैकी एकच वेळा केलेली.
उरलेल्या एकोणचाळीस मी मागितल्याच नाहीत.

आता मामा रोज दिवेलागणीला येतो.
लाइन असो नसो, बॅटरी नऊ टक्के असो.
हात धुऊन येतो, पुसून,
पडद्यासमोर धरतो,
एक चिलीम ओढायला लागेल इतका वेळ बसतो
आणि उठून बैलांना वैरण टाकायला जातो.

लॅपटॉपसाठी त्यानं नवी खूण काढली आहे.
डाव्या तळव्यावर उजवा पालथा ठेवायचा
आणि कडेकडून हळू उचलायचा,
झाकणासारखा.
तीन बोटांचं झाकण.
काल भागरता मावशीनं मला तीच खूण करून विचारलं,
आणला का गं तो.
पाचही बोटं होती तिला,
पण दोन तिनं दुमडून घेतली होती.